एकोणतीसच्या पाढ्याची अट

सरकारी फॉर्म एकदा वाचून सही करायचा असतो. दीनानाथ सबनीसांनी तो तीन दिवस वाचला आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं, असं त्यांच्या पत्नीचं, वनिताबाईंचं, ठाम मत आहे.

फॉर्म पॉवर ऑफ अॅटर्नीचा होता. रिचमंड हिलमधलं चार बेडरूमचं घर विकून दोघं लहानशा कॉन्डो फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते. घर दोघांच्या नावावर. शिवाय दीनानाथरावांचा उजवा खुबा बदलायचा होता आणि त्या खुब्याचा नंबर चौदा महिन्यांच्या वेटिंग लिस्टवर कुठेतरी लागलेला होता. घरविक्रीचे कागद बघणाऱ्या वकील मिस चॅन यांनी सहज विचारलं, ऐन वेळी मिस्टर सबनीस सही करण्याच्या अवस्थेत नसले तर त्यांच्या वतीने कोण करणार? वनिताबाई म्हणाल्या, मी. मिस चॅन म्हणाल्या, कुठल्या अधिकाराने? वनिताबाई म्हणाल्या, बायको आहे. मिस चॅन हसल्या. वकील अशा वेळी जसं हसतात तसं, म्हणजे मायेने, पण फी लावून.

वनिताबाईंना हे फार लागलं. चौतीस वर्षं त्या या माणसाच्या वतीने बोलत आल्या होत्या. लग्नाच्या आमंत्रणांना होकार त्यांनी दिला, डेंटिस्टला नकार त्यांनी दिला, शेजाऱ्यांची माफी त्यांनी मागितली. आणि कायद्याच्या लेखी त्या कोण, तर त्याच पत्त्यावर राहणारी एक बाई.

दीनानाथरावांचा आक्षेप वेगळा होता. ते निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. वकील हा प्राणी ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतो, अशी त्यांची धारणा. मुखत्यारपत्र काय असतं हे त्यांना नागपूरपासून ठाऊक होतं. देणाऱ्याची बुद्धी गेली की दिलेला अधिकारही गेला. मग ज्या दिवशी गरज त्याच दिवशी ते निकामी; असल्या कागदाला अर्थ काय? मिस चॅननी शांतपणे सांगितलं की हा प्रकार नेमका त्यासाठीच वेगळा आहे. याला ‘कंटिन्यूइंग’ म्हणतात. माणसाची समज गेली तरी हा चालू राहतो. फक्त तो करताना समज शाबूत असायला हवी, नंतर करता येत नाही. छत्री पावसाआधी घ्यावी लागते, अशा चालीवर त्या काहीतरी बोलल्या. दीनानाथरावांनी तोवर फोनवर सरकारी फॉर्म फुकट डाउनलोड केला होता.

तीन दिवस वाचल्यावर त्यांना त्यात सापडायचं ते सापडलं. वेगळी अट लिहिली नाही, तर अधिकार सही केल्या दिवसापासूनच सुरू होतो.

“म्हणजे मी इथे टेबलाशी धडधाकट बसलेला असताना तू माझ्या नावाने वाट्टेल ते करायला मोकळी?” त्यांनी विचारलं.

“मी काय करणार आहे वाट्टेल ते?” वनिताबाई म्हणाल्या. “तुमच्या नावाने भेंडी आणणार?”

पण दीनानाथरावांचा स्वाभिमान एव्हाना दुखावला होता आणि तो खुब्यापेक्षा जास्त दुखत होता. अट हवी. अधिकार सुरू होईल तो माझी बुद्धी गेल्यावर. बरं, गेली हे ठरवणार कोण? फॅमिली डॉक्टर? तो वर्षातून सात मिनिटं भेटतो, त्यात चार मिनिटं कॉम्प्युटरकडे बघतो. शुभंकर? तो मुलगा, वडिलांची बुद्धी गेली हे त्याचं मत वयाच्या बाराव्या वर्षापासून आहे. वनिता? प्रश्नच नाही. इंजिनिअरला माप लागतं, मत नाही. रात्रंदिवस विचार करून त्यांनी माप शोधलं, आणि फॉर्ममध्ये अटींसाठी ठेवलेल्या रिकाम्या जागेत सुवाच्य इंग्रजीत लिहिलं: दोन मराठी जाणणाऱ्या प्रौढ व्यक्तींसमोर मला एकोणतीसचा पाढा मराठीतून म्हणता आला नाही, म्हणजे त्यात तीन किंवा अधिक चुका झाल्या, तरच हा अधिकार लागू होईल.

दोन चुका माफ. फॅक्टर ऑफ सेफ्टी.

एकोणतीसच का, असं कुणी विचारलं तर ते विचारणाऱ्याकडे कीव करून बघत. तिसाचा कुणीही म्हणेल. एकोणतीसच्या पाढ्यात माणूस कळतो. त्यांच्या वडिलांनी तो पहाटे अंगणात उभं करून म्हणवून घेतला होता, आणि त्यांचं मूल्यमापन करायचा हक्क पृथ्वीतलावर कुणाला असेलच तर तो त्या पाढ्याला होता. वनिताबाईंनी हे वाचलं, आणि एकदाचा कागद होऊ दे म्हणून गप्प बसल्या. आयुष्यात गप्प बसून त्यांचं जेवढं नुकसान झालं, तेवढं बोलून कधी झालं नाही.

कागद तीनदा करावा लागला. पहिल्या खेपेला शुभंकर ओटावाहून आला होता. साक्षीदार म्हणून त्याने सही ठोकली. पोटचा मुलगा साक्षीदार चालत नाही, हे फॉर्मच्या सूचनांमध्ये छापलेलं होतं. तीन दिवसांच्या वाचनात सूचना राहून गेल्या होत्या. दुसऱ्या खेपेला शेजारच्या उन्मेषला बोलावलं. उन्मेष पोटासाठी सॉफ्टवेअर करतो, पण त्याचा खरा व्यवसाय सल्ला. विंटर टायर कधी काढावेत, पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज कुठे अडतो, कुठल्या ग्रोसरीत खरा हापूस येतो, हे सगळं रिचमंड हिलची मराठी माणसं त्यालाच विचारतात, आणि न विचारणाऱ्यांनाही तो सांगतो. त्याने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि म्हणाला, “दीनानाथराव, खरं सांगू का, असले कागद करूच नयेत. केले की सहा महिन्यांत माणूस विसरायला लागतो. आमच्या ओकव्हिलच्या काकांचं तेच झालं.” एवढा धीर देऊन तो ऑफिसला गेला. त्याची बायको स्वप्नाली तासाभराने योगावरून आली आणि तिने किचनमध्ये सही केली. मिस चॅननी फोटो पाहून कळवलं की दोन्ही साक्षीदार एका वेळी हजर लागतात, मिस्टर सबनीस सही करतात हे दोघांनी डोळ्यांनी बघायला हवं.

तिसऱ्या खेपेला सगळे हजर होते, तर स्वप्नालीने जाहीर केलं की आज संकष्टी आहे, बुद्धी जाण्याच्या कागदावर बुद्धीच्या देवाच्या दिवशी ती सही करणार नाही. मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी जमले. सह्या झाल्या. मग दीनानाथराव उभे राहिले आणि नमुना म्हणून त्यांनी एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. उन्मेषने फोनवर वेळ लावली. एकवीस सेकंद, शून्य चुका. कागद बर्फ उडवणाऱ्या स्नोब्लोअरच्या वॉरंटीशेजारी फाईलमध्ये गेला.

घराचा ताबा एका शुक्रवारी द्यायचा होता. त्याच्या आठ दिवस आधी हॉस्पिटलमधून फोन आला की कुणीतरी माघार घेतली आहे, सोमवारी खुबा बदलायला येता का? चौदा महिने थांबलेल्या माणसाला हे विचारायचं नसतं. वनिताबाई म्हणाल्या, घराच्या सह्या बुधवारी आहेत. दीनानाथराव म्हणाले, “खुब्याने सही करतात का?”

ऑपरेशन उत्तम झालं. हाड जागेवर बसलं. बाकीचं हललं.

मंगळवारी सकाळी वनिताबाई डब्यात मऊ भात घेऊन गेल्या, तर दीनानाथराव पलंगावर ताठ बसून खिडकीबाहेरच्या पार्किंग लॉटची पाहणी करत होते. त्यांनी वनिताबाईंकडे पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, “बाई, हजेरी तिकडे लागते. इथे साहेब बसतात.”

आधी वनिताबाईंना चेष्टा वाटली. मग दीनानाथरावांनी सलाइनची नळी मोजपट्टीसारखी ताणली आणि सिमेंटचा ट्रक अजून का आला नाही, हे त्यांनाच विचारलं. ते कोराडीच्या वीज केंद्राच्या साइटवर होते, वय सत्तावीस, लग्न ठरायचं होतं.

डॉक्टरबाईंनी समजावलं. याला डिलिरियम म्हणतात, या वयात भुलीनंतर होतं. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. काहींचं काही आठवड्यांत. घाबरू नका. आणि हो, औषधांच्या संमतीसाठी इथे सही करा, पत्नी म्हणून तुम्हीच करू शकता. वनिताबाईंनी सही केली. नवऱ्याच्या अंगात कुठली नळी कुठून घालायची हे त्या ठरवू शकत होत्या. घराची किल्ली कुणाला द्यायची, हे नाही.

बुधवारी त्या फाईल घेऊन मिस चॅनकडे गेल्या. मिस चॅननी अट वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. अट विचित्र आहे, त्या म्हणाल्या, पण स्पष्ट आहे. डॉक्टरांचं पत्र मिस्टर सबनीसांनी मागितलं असतं तर आत्ता ते पुरलं असतं. त्यांनी मागितला आहे पाढा. तो चुकल्याचं दोन मराठी माणसांनी लिहून दिलं, की तुम्ही सही करायला मोकळ्या. नाही चुकला, तर त्यांना तुम्ही कोण हे कळो न कळो, अधिकार सुरू होत नाही. दुसरा मार्ग कोर्टाचा. त्याला महिने लागतील. वनिताबाई म्हणाल्या, त्यांना बायको आठवत नाही, पाढा काय आठवणार? मिस चॅननी फाईल बंद केली. त्या अविवाहित होत्या.

दुपारी उन्मेष आणि स्वप्नाली दोघांनी अर्धी रजा टाकली. वनिताबाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. लिफ्टमध्येसुद्धा त्या चालत होत्या. दीनानाथरावांनी उन्मेषला खालून वर पाहिलं आणि विचारलं, “मुकादम कुठाय?” उन्मेषने आपलं नाव सांगितलं, घर नंबर सांगितला, त्यांच्या ड्राइव्हवेचा बर्फ आपण तीन वर्षं शोव्हल केला हेही सांगितलं. दीनानाथराव म्हणाले, कोराडीला बर्फ पडत नाही. उन्मेष जो दुखावला तो अजून पूर्ण बरा झालेला नाही.

“दीनानाथराव,” शेवटी तो म्हणाला, “एकोणतीसचा पाढा म्हणा.”

दीनानाथरावांची पाठ सरळ झाली. हात मांडीशी आले. ते आधी छताकडे आणि मग कुठेच न बघता म्हणू लागले. “एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.” वनिताबाईंनी पलंगाचा कठडा धरला. चोक एकशे सोळा. पंचे एकशे पंचेचाळीस. सक एकशे चौऱ्याहत्तर. साते हा अवघड वळणाचा रस्ता, इथे भलेभले घसरतात; दीनानाथराव दोनशे तीनवरून पुलावरून जावं तसे गेले. आठे दोनशे बत्तीस, नव्वे दोनशे एकसष्ट, दाहे दोनशे नव्वद. उन्मेषच्या तोंडून नकळत “वा!” गेलं. स्वप्नालीने त्याला कोपर मारलं.

“आता ट्रकचं बघा,” दीनानाथराव म्हणाले.

गुरुवारी सकाळी पुन्हा. शुभंकर ओटावाहून गाडी हाकत आला होता. बाबांनी त्याला नवा सर्व्हेयर समजून लेव्हल मशीन पुसायला सांगितलं. तो कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला टेकला आणि म्हणाला, “आई, धिस इज इन्सेन. त्यांना इंग्लिशमध्ये विचारा ना, आय बेट ते चुकतील.” पण अटीत मराठी लिहिलेलं. उन्मेषने सुचवलं की वहिनींनी मध्येमध्ये बोलावं, घरी बोलतात तसं, म्हणजे ते चुकतील. वनिताबाई मध्येमध्ये बोलल्या. दीनानाथराव चुकले नाहीत. चौतीस वर्षांची सवय होती. उलट पाढा म्हटल्यावर ते इतके शांत होत की नळ्या ओढायचं विसरत. वॉर्डातल्या नर्सच्या हे लक्षात आलं. ती आता इंजेक्शनच्या आधी प्रेमाने म्हणू लागली, “ट्वेंटी-नाइन, मिस्टर सबनीस?” म्हणजे ज्यांनी तो पाढा चुकावा म्हणून देव पाण्यात घातले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा दिवसातून चार वेळा सराव होऊ लागला.

दुपारी खालच्या कॉफीच्या दुकानात उन्मेषने खुर्ची जवळ ओढली.

“वहिनी, मी लिहून देतो तीन चुका झाल्या. स्वप्नाली सही करेल. इथे कुणाच्या बापाला एकोणतीस साते कळतंय?”

हे वनिताबाईंनाही काल रात्रीपासून सुचत होतं. त्यात वाईट काय होतं? माणसाची समज गेली होती हे डॉक्टर सांगत होते, भिंती सांगत होत्या. उद्या ताबा नाही दिला, तर घेणारं जोडपं कोर्टात जाऊ शकत होतं, कॉन्डो हातचा जाऊ शकत होता. नवऱ्याच्याच भल्यासाठी दोन ओळी खोट्या. त्यांनी कॉफीच्या कपाचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

“नको,” त्या म्हणाल्या.

“अहो, पण का?”

“त्यांना घर आठवत नाही. मुलगा आठवत नाही. मी आठवत नाही. एवढी एकच गोष्ट धरून बसलाय तो माणूस, उन्मेष. आणि मी सही करून जगाला सांगू की तीही गेली?”

उन्मेषने खुर्ची होती तिथे परत सरकवली.

मग वनिताबाई स्वतः घर घेणाऱ्या जोडप्याकडे गेल्या. नवरा-बायको तरुण, बाळ कडेवर, सामानाचा ट्रक कॅलगरीहून निघालेला. वनिताबाईंनी सगळं सांगितलं. पाढ्याचं सांगताना त्यांचं इंग्रजी अपुरं पडलं, आणि ते कुणाचंही पडलं असतं. जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. एक आठवडा थांबू, ते म्हणाले, पण सामान तुमच्या गॅरेजमध्ये उतरवू. मिस चॅननी आणि जोडप्याच्या वकिलाने मिळून कागद केले. त्यांवरही एकट्या वनिताबाईंची सही चालणार नव्हती, म्हणून ते सगळं दोन्ही वकिलांनी सद्भावनेच्या भाषेत गुंडाळलं.

तो आठवडा वनिताबाईंनी दोन संसारांच्या खोक्यांमध्ये उभ्याने काढला. बांधलेलं सोडलं, सोडलेलं बांधलं. आपला कुकर शोधताना त्यांना परक्यांचा पाळणा सापडला. टीव्ही बांधून झाला होता, खुर्च्या गेल्या होत्या, बसायचं म्हटलं तर जिना उरला होता, आणि जिन्यावर बसलं की फोन वाजेल असं वाटे, म्हणून त्या बसत नसत. रोज सकाळी वॉर्डात जायचं, आणि दारातच थांबून चेहरा बघायचा. शनिवारी त्या ‘बाई’ होत्या. रविवारी ‘मॅडम’ झाल्या. शुभंकर म्हणाला, दॅट्स प्रोग्रेस. वनिताबाईंना आधीचं बरं वाटत होतं.

मंगळवारी त्या आत शिरल्या तेव्हा दीनानाथराव चमच्यातल्या द्रवाचं निरीक्षण करत होते.

“वनिता,” ते म्हणाले, “हे सूप आहे, का भांडं विसळलेलं पाणी?”

 वनिताबाई वॉशरूममध्ये गेल्या, नळ मोठा सोडला आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाल्या की सूपच आहे.

बुधवारी मिस चॅन स्वतः हॉस्पिटलमध्ये आल्या. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, वनिताबाईंनाही. समज आहे की नाही हे बायकोच्या अनुपस्थितीत बघायचं असतं, म्हणे. आत त्यांनी विचारलं, तुमच्या मालकीचं काय काय आहे, अंदाजे किंमत किती, तुमच्यावर कोण अवलंबून आहे, हा अधिकार दिल्यावर समोरचा माणूस तुमच्या नावावर काय काय करू शकतो, त्याने तो वाईट वापरला तर काय, आणि तुम्हाला तो मागे घेता येतो का. दीनानाथरावांनी सगळ्याची उत्तरं दिली. घराची किंमत सांगताना, आपण ते स्वस्तात विकलं हेही सांगितलं. मिस चॅन बाहेर येऊन म्हणाल्या, ही इज फाइन.

घराच्या कागदांवर सह्या झाल्या. ताबा शुक्रवारी. मग मिस चॅननी नवी पॉवर ऑफ अॅटर्नी पुढे सरकवली. उन्मेष आणि स्वप्नाली पलंगाच्या पायथ्याशी साक्षीदार म्हणून उभे. दीनानाथराव अटीच्या रिकाम्या जागेपाशी आले, आणि पेन थांबलं.

“शुभ्या म्हणत होता,” ते कागदाकडेच बघत म्हणाले, “मी तुला ओळखलं नव्हतं.”

“नाही ओळखलंत.”

“किती दिवस?”

“सात.”

“आणि पाढा?”

“एकदाही चुकला नाहीत.”

दीनानाथरावांनी चष्मा कपाळावर चढवला. इमारत का पडली याचा अहवाल वाचताना ते तो असाच चढवत.

“मग काय उपयोग त्याचा?”

“झोप चांगली लागते,” वनिताबाई म्हणाल्या. “नर्सला विचारा.”

दीनानाथरावांनी रिकाम्या जागेवर आडवी रेघ मारली, आजपासूनच लागू, असं मिस चॅनना सांगितलं आणि सही केली. साक्षीदारांनी सह्या केल्या. कुणीतरी सुटकेचा निःश्वास टाकला; बहुधा स्वप्नालीने.

मिस चॅननी बॅगेतून दुसरा संच काढला आणि वनिताबाईंपुढे ठेवला. हा तुमचा, त्या म्हणाल्या. मिस्टर सबनीस तुमचे मुखत्यार. साक्षीदार इथेच आहेत, आजच होऊन जाईल.

वनिताबाईंनी पेन घेतलं. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग पलंगाकडे पाहिलं. तिथे एक मनुष्य नव्या खुब्यासह रेलून बसला होता. सही केल्या क्षणापासून तो त्यांचं बँकेतलं खातं, त्यांच्या आईने दिलेल्या नागपूरच्या फ्लॅटचा वाटा, त्यांचं सगळं, त्यांच्या नावाने हलवायला मोकळा होता. आणि तो सगळा वेळ त्या इथेच, धडधाकट, भेंडी आणत असणार होत्या. त्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

“त्यात एवढं वाचायचं काय?” दीनानाथराव म्हणाले. “मी केली ना सही?”

“तुम्ही मला दिलंत. हे मी तुम्हाला द्यायचंय.” त्यांनी कागदांची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. “घरी नेऊन वाचते. दोन-तीन दिवस लागतील.”

उन्मेषने उघडून धरलेलं पेन बंद केलं.